कुर्डुवाडीची छोटी गाडी, लिनक्सवर

गेल्या रविवारी आमच्या घरी बार्शी लाईट ही जुनी छोटी रेल्वे पुन्हा सुरू झाली. दोन जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, त्यावर लिनक्स मिंट, त्यात ओपनटीटीडी हा रेल्वे चालवायचा खेळ आणि शेजारी सातवीतला भाचा. एडिटरमध्ये आम्ही गावांना नावं दिली: कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर, लातूर, मिरज. पहिला रूळ कुर्डुवाडीलाच टाकला, कारण खरा रूळही तिथूनच निघाला होता.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी हा अडीच फुटी मार्ग सुरू केला. कुठल्याच आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, हा त्याचा हिशेब. त्यामुळे हलके रूळ पुरले आणि खर्च आवाक्यात राहिला. १९०६ साली गाडी पंढरपूरला पोचली, १९११ साली लातूरला, १९२७ साली मिरजेला. आता त्या मार्गावर ब्रॉडगेज आहे. छोटी गाडी फक्त मोठ्यांच्या गप्पांत उरलीय.

खेळात माल आणि माणसं जितकी लांब आणि जितकी लवकर पोचवाल, तितके पैसे. आमच्या दोन गाड्या एकेरी मार्गावर तोंडाला तोंड लावून उभ्या राहिल्या.

"मामा, हललीच नाही की!"

बार्शीच्या अलीकडे लूप टाकला, दोन्ही टोकांना एकमार्गी सिग्नल लावले, आणि दोघी सुटल्या. क्रॉसिंग म्हणजे काय, हे त्याला त्या पाच मिनिटांत कळलं.

लिनक्सवर इतर खेळही आहेत: सुपरटक्सकार्ट आहे, वेस्नॉथ आहे, मौर्यांची फौज घेऊन लढता येईल असा झिरो ए.डी. आहे. तिन्ही छान आहेत, पण माझा जीव या रेल्वेवर. नव्वदच्या दशकातल्या ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्सवरून २००४ साली ओपनटीटीडी उभा राहिला आणि २०१० पासून त्याला मूळ खेळाची चित्रंही लागत नाहीत. सोर्स कोड उघडा आहे, आणि जगभरच्या लोकांनी आपापल्या देशाची इंजिनं त्यात घातली. अरुंद रुळांच्या गाड्याही मिळतात. विकतच्या बऱ्याच खेळांत कंपनी देईल तेच गाव मिळतं. इथे कुर्डुवाडी वसवायला कुणाची परवानगी लागली नाही, एक रुपयाही लागला नाही.

सल एकच. खेळाचं मराठी भाषांतर अर्धवट पडून आहे. सोलापुरात इंजिनिअरिंगची इतकी पोरं आहेत. रोज दहा ओळी कुणी केल्या तरी ते मार्गी लागेल. मी सुरुवात केली आणि पहिल्याच संध्याकाळी 'डेपो' या शब्दाला अडलो. 'आगार' लिहिलं तर एस.टी. आठवते. शेजारचे काका कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत, त्यांना विचारलं.

"शेड म्हण की," ते म्हणाले. "आम्ही जन्मभर शेडच म्हणत आलो."

शेड लिहिलं.