माळ्यावरच्या कॅसेटी

फराळाची ताटं इकडून तिकडे गेली की आपल्याकडे लगेच डिसेंबरच्या तिकिटांचा विषय निघतो. कोण कधी निघतंय, कोणाच्या बॅगेत जागा आहे, येताना कोण मेतकूट आणणार. यंदा जे भारतात जाणार आहेत, त्यांच्यासाठी हे पान. गेल्या अंकात जुन्या फोटोंबद्दल लिहिलं, तेव्हा दोघीतिघींनी विचारलं होतं, "आणि लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटींचं काय?"

आधी महत्त्वाचं. कॅसेटी इकडे आणू नका, काम तिकडेच उरका. भारतातल्या कॅसेटी 'पाल' पद्धतीच्या असतात: चित्रात ६२५ ओळी, सेकंदाला २५ चौकटी. अमेरिकेतलं 'एनटीएससी' वेगळं, ५२५ ओळी आणि सेकंदाला साधारण ३० चौकटी. त्यामुळे गराज सेलमधून आणलेल्या इथल्या व्हीसीआरवर सांगलीचं लग्न धड दिसत नाही. व्हीसीआर तिकडून आणावा म्हटलं, तर तो २३० व्होल्टवर चालणारा. शिवाय तो मिळेल तोवरच आहे. २०१६च्या जुलैमध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणं थांबवलं आणि नवं यंत्र मिळणंच बंद झालं. आता आहे ते कोणाच्या तरी कपाटात, नाहीतर पुण्याच्या जुन्या बाजारासारख्या ठिकाणी. म्हणून जायच्या आधी महिनाभर नातेवाइकांच्या ग्रुपवर विचारून ठेवा. एखाद्या काकांकडे टीव्हीखाली प्लास्टिक घालून जपलेला व्हीसीआर नक्की निघतो!

इथून न्यायची वस्तू एकच: यूएसबीचं छोटं कॅप्चर यंत्र. मुठीत मावतं आणि दोन्ही पद्धती ओळखतं. त्याला पिवळी, लाल आणि पांढरी अशी तीन टोकं असतात. पिवळं चित्राचं, बाकी दोन आवाजाची. जुन्या व्हीसीआरला आवाजाचं एकच भोक असेल तर पांढरं लावा.

कॅसेट यंत्रात घालण्याआधी तिच्या खिडकीतून आत बघा. फितीच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. कोकणात आणि मुंबईत ती फार. अशी कॅसेट चालवली तर व्हीसीआरचं हेड खराब होतं आणि मागोमाग लावलेल्या चांगल्या कॅसेटींनाही ती लागते. ती बाजूला ठेवून जाणकाराकडे द्या. चांगली कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे पळवून परत मागे आणा, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेली फीत मोकळी होते. कडेची छोटी प्लास्टिकची पट्टी शाबूत असेल तर तोडून टाका. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी लग्नावर काही चढणार नाही.

लॅपटॉपवर 'ओबीएस स्टुडिओ' घ्या, फुकट आहे. त्यात व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस जोडून यंत्राची पद्धत पाल करा आणि चित्राचा आकार ७६८ बाय ५७६ ठेवा. रुंद पडदाभर ताणू नका, नवरीमुलगी उगाच जाड दिसते. हलत्या हातांवर कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसल्या तर डीइंटरलेसिंगमध्ये 'यादिफ २एक्स' निवडा आणि चौकटी सेकंदाला ५० करा. फाइल एमकेव्ही प्रकारात साठवा, म्हणजे मध्येच वीज गेली तरी तोवरचं हाती राहतं. आवाज ऐकू आला नाही तर घाबरू नका, मॉनिटरिंग चालू करावं लागतं. आवाज एकाच कानात येत असेल तर 'मोनो'वर खूण करा. आणि लॅपटॉपचा माइक मात्र आठवणीने बंद करा. का, ते पुढे सांगते.

हे काम घाईने होत नाही. ३ तासांची कॅसेट उतरायला ३ तासच लागतात. "एवढा वेळ कोण घालवणार? दुकानात देऊन टाका," असं घरचेच म्हणतात. दुकानं चांगलीही असतात. पण आमच्या नात्यातल्या एका कॅसेटीचा शेवटचा अर्धा तास दुकानदाराने "नुसतं जेवण आहे" म्हणून गाळला होता. मला विचाराल तर जेवणच ठेवायचं असतं. बदामाच्या आकारात फिरणारे नवरा-नवरी आणि त्यावरचं सिनेमाचं गाणं सगळ्यांच्या कॅसेटीत सारखंच. पंगतीत हॅलोजनच्या उजेडात डोळे किलकिले करून बसलेली माणसं मात्र तुमचीच.

गेल्या डिसेंबरात सासरी आत्याबाईंचं १९८९चं लग्न उतरवलं. शेजारी आईंना, म्हणजे सासूबाईंना बसवलं आणि टेबलावर फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवला. कॅसेटचा आवाज तारेतून जातो, त्यामुळे माइक बंद असला की आपलं बोलणं त्यात मिसळत नाही. आई बोलत गेल्या. ही मिरजेची मावशी, हा वाढपी नव्हे, तुझे चुलत सासरे. ही माझी साडी नंतर कोणी नेली कोण जाणे. मी शाळेत शिकवायचे त्या सवयीने वहीत वेळ आणि नाव लिहीत होते. पंगतीत एक गृहस्थ जिलबीचं ताट घेऊन "अरे, वाढा त्यांना, लाजतायत ते," म्हणाले आणि आई गप्प झाल्या. ते माझे आजेसासरे. माझ्या नवऱ्याला त्यांचा चेहरा फोटोंमुळे माहीत होता, आवाज आठवत नव्हता. घरात त्यांचा आवाज एवढाच आहे, ७ सेकंदांचा.

त्या पंगतीतल्या अर्ध्याअधिक माणसांची नावं आज आमच्या घरात फक्त आईंना सांगता येतात. त्या ७८ वर्षांच्या आहेत.

उतरवलेल्या फाइली मोठ्या होतात. ८ मेगाबिटवर तासाला साडेतीन जीबीच्या आसपास, म्हणजे पूर्ण कॅसेट ११ जीबी. पेनड्राइव्ह 'फॅट ३२'चा असेल तर तो ४ जीबीच्या वरची फाइल घेतच नाही. तो 'एक्सफॅट'मध्ये फॉरमॅट करून घ्या. एक प्रत तिकडे भावंडांकडे ठेवा, एक इथे. फाइलीच्या नावात साल, गाव आणि प्रसंग लिहा. वहीच्या पानांचे फोटो आणि फोनवरचं बोलणं त्याच फोल्डरमध्ये टाका. मूळ कॅसेट फेकू नका. उभी करून कोरड्या जागी ठेवा.

माझं कॅप्चर यंत्र या हिवाळ्यात रिकामं आहे, कारण आम्ही यंदा जात नाही. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात चहाच्या टेबलापाशी मला गाठा आणि घेऊन जा. फक्त तिन्ही तारांसकट परत आणा!