आमच्या नावाची सवलत

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. ती चढता आली दादामुळे. बारावीनंतर दादाने शिक्षण सोडले, वाळूजच्या एमआयडीसीत कंत्राटदारामार्फत कामाला लागला आणि माझी फी भरू लागला. गेल्या दिवाळीच्या तोंडावर तो पिशवी घेऊन अचानक घरी आला. आईने विचारले, "सुट्टी लागली का रे?" दादा म्हणाला, "सुट्टी न्हाई, ब्रेक दिलाय." कामाला लागून सात महिने झाले होते. महिन्याभराने त्याला पुन्हा बोलावणे आले. गेट तेच, मशीन तेच. कंत्राटदाराचे नाव तेवढे दुसरे.

त्याच सुमारास अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी सांगितले, की नवी माणसे कामावर घेणाऱ्या मालकांना सरकार करात सवलत देते. माझा विश्वास बसेना. माणूस ठेवण्यासाठी सवलत मिळते, तर मग दादाला दर सात महिन्यांनी घरी का पाठवतात? या प्रश्नाने मला ग्रंथालयात बसवले. तिथे जे हाती लागले ते माझ्या साध्या भाषेत मांडतो.

१९९८ साली १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८०-जेजेएए घालण्यात आले. आधी ते कारखान्यांपुरते होते. २०१६ साली इतर धंद्यांनाही लागू झाले. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही ही सवलत ठेवलेली आहे. तिचा अर्थ असा : दरमहा २५ हजारांपर्यंत पगार असलेला, भविष्यनिर्वाह निधीचा सभासद असलेला नवा कामगार घेतला, त्याने वर्षात किमान २४० दिवस काम केले आणि कामगारांची एकूण संख्याही वाढली, तर त्या वाढीव पगारखर्चाच्या ३० टक्के रकमेची जादा वजावट मालकाला मिळते. तीही सलग तीन वर्षे. पगार हा धंद्याचा खर्च म्हणून नफ्यातून वजा होतोच; ही वजावट त्याच्यावर आणखी.

आकड्यांत सांगतो. समजा, कामगाराला महिना १५ हजार मिळतात. वर्षाचे झाले १ लाख ८० हजार. त्याचे ३० टक्के म्हणजे ५४ हजार. २२ टक्के दराने कर भरणाऱ्या कंपनीला अधिभार व उपकर धरून सुमारे सव्वापंचवीस टक्के कर पडतो. म्हणजे एका कामगारामागे वर्षाला सुमारे साडेतेरा हजार रुपये वाचतात, तीन वर्षांत चाळीस हजारांच्या वर.

आता गंमत पाहा, आणि ही गंमत कडू आहे. ज्या २४० दिवसांवर ही सवलत अवलंबून आहे, तोच २४० चा आकडा १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून कामगाराच्या सलग सेवेचे माप म्हणून चालत आला आहे. २४० दिवस भरले, की कामगाराला काही हक्क सांगता येतात. एका कायद्यात जो आकडा मालकाचे बक्षीस आहे, तोच दुसऱ्या कायद्यात मालकाची भीती आहे. बक्षीस आणि भीती यांच्या ओढाताणीत कोण जिंकते, हे मला पुस्तकात शोधावे लागले नाही. दिवाळीत ओट्यावर दादाची पिशवी पडली होती, तिने ते सांगितले. साडेतेरा हजार सोडायला मालक तयार आहे. माणूस धरून ठेवायला नाही.

सरकारने दुसराही मार्ग चोखाळला. करातून वजावट देण्याऐवजी मालकाचा खर्च थेट उचलायचा. २०१६ च्या रोजगार प्रोत्साहन योजनेत आणि २०२० च्या आत्मनिर्भर भारत रोजगार योजनेत भविष्यनिर्वाह निधीच्या वर्गणीचा भार सरकारने घेतला होता. आता १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळातील नव्या नोकऱ्यांसाठी प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना आहे. तिच्यासाठी ९९,४४६ कोटी रुपयांची तरतूद आहे. जादा घेतलेल्या कामगारामागे मालकाला पगाराप्रमाणे दरमहा जास्तीत जास्त तीन हजार रुपये, दोन वर्षे. कारखानदारीला चार वर्षे. पहिल्यांदाच नोकरीला लागणाऱ्यालाही एक महिन्याचा पगार, कमाल १५ हजार, दोन हप्त्यांत मिळायचा आहे. कामगाराच्या हाती काही पडावे हा विचार स्वागतार्ह आहे. पण पहिला हप्ता सहा महिन्यांनंतर, दुसरा बारा महिन्यांनंतर. मालकासाठी कामगार टिकण्याची अट सहा महिन्यांची. आणि ब्रेक मिळतो सातव्या महिन्यात! मालकाची अट ब्रेकच्या अलीकडे संपते, कामगाराचा दुसरा हप्ता मात्र पलीकडे राहतो.

काही मित्र म्हणतील, की मालक सवलतीसाठी माणसे घेत नाही. मालाला मागणी असली तरच घेतो. हे खरे आहे. जी माणसे तो घेणारच होता, त्यांच्यावरही सरकारचा पैसा जातो. तरीही सवलत अजिबात नको, असे मी म्हणणार नाही. तिच्या निमित्ताने कामगाराचे नाव भविष्यनिर्वाह निधीच्या दप्तरात चढते, म्हातारपणासाठी चार पैसे साठतात. माझी तक्रार सवलतीबद्दल नाही, तिच्या वाटेबद्दल आहे. आमच्या पैठण तालुक्यात धरण उशाला आहे, पण कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला पाण्याची वाट पाहावी लागते. तसेच हे आहे. आमच्या गावच्या फाट्यावर वेल्डिंगचे दुकान आहे. मालक स्वतः काम करतो आणि चार पोरांना हाताशी धरून शिकवतो. वीसपेक्षा कमी माणसे, म्हणून भविष्यनिर्वाह निधीची सक्ती नाही. हिशेबाचे ऑडिट सक्तीचे नाही, म्हणून करातली वजावट नाही. चार पोरांचे पोट भरणाऱ्याच्या दारापर्यंत यातले काहीच येत नाही.

माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात असे. पुढे वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमीचा महाराष्ट्राने १९७७ साली कायदा केला आणि तिच्या खर्चासाठी १९७५ पासून पगारदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला. नोकरीत असलेल्याने नोकरी नसलेल्यासाठी दिलेला तो वाटा होता. आजी सांगते, मुकादम हजेरीपत्रक हातात घेऊन रोज सकाळी तिचे नाव मोठ्याने पुकारायचा. मजुरी थोडी होती, पण आपल्या नावावर किती लागले हे तिला ठाऊक होते. दादाला ते ठाऊक नाही. मी त्याला सवलतीचे सगळे सांगितले, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "आरं, माझ्या नावावर कुणाला काय मिळंल? मला कोण वळखतं तिथं?"

म्हणूनच मला वाटते, ज्या कामगाराच्या नावावर सवलत घेतली, त्याच्या पगारपत्रकावर ती रक्कम छापली जावी. सवलतीचा मोठा हिस्सा तोच माणूस वर्षभर टिकल्यावरच मिळावा. कंत्राटदाराचे नाव बदलून तेच मशीन चालवणारा माणूस 'नवा' मोजला जाऊ नये. आणि चार पोरांच्या दुकानासाठी ऑडिटवाचून मिळेल अशी एखादी छोटी सवलत असावी.

मित्रहो, दोन वर्षांनी आपल्यापैकी बरेचजण कुठल्या ना कुठल्या गेटवर उभे असतील. तेव्हा नियुक्तिपत्र मागा. भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक दर महिन्याला उघडून पाहा. आपल्या नावावर कोणाला काय मिळते, हे विचारायला लाजू नका. दादाला मी पासबुक पाहायला शिकवले आहे. येत्या महिन्यात त्याचे पुन्हा सात महिने भरतात. आई रोज देवापुढे दिवा लावते आणि मी परीक्षेचा अभ्यास करता करता कॅलेंडरकडे पाहतो.