मोटारींतील दणदणाट

गेल्या लग्नसराईंत एका संध्याकाळीं मी दहावीच्या मुलांच्या सराव-परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपाशीत बसलों होतों. वरातीची गाडी अद्याप दृष्टीसही पडली नव्हती, तोंच खिडकीची कांच थरथरूं लागली व मेजावरील पेल्यांतल्या पाण्यांत वर्तुळें उमटूं लागलीं. गाडी दारावरून गेली तेव्हां तिच्यावरील यंत्रें सांभाळणारा तरुण माझाच जुना विद्यार्थी निघाला. त्यानें मोठ्या आदरानें मला नमस्कार केला. गाणें मात्र कमी केलें नाहीं. त्या तरुणाचा राग धरावा कीं अभिमान बाळगावा, हें मला त्या रात्रीं ठरवितां आलें नाहीं.

पुढें चार दिवसांनीं त्यानें आपण होऊन मला गाडी दाखविली. मोटारीच्या बॅटरीचा दाब अवघा १२ व्होल्ट. तिच्यावर १,००० वॅटचा ॲम्प्लिफायर चालवावयाचा तर ८० हून अधिक अँपिअर प्रवाह लागतो. इतक्या प्रवाहास बारीक तार लाविली तर ती तापते, तिचें आवरण वितळतें, गाडीही पेटूं शकते. म्हणून जाड तांब्याची तार व बॅटरीच्या अगदीं जवळ फ्यूज. हे सारे भागाकार तो तोंडीं करीत होता! ओहमचा जो नियम मीं त्याला दोन वर्षें शिकविला, तो त्याला शेवटीं सबवूफरनें शिकविला. अशा मुलाविषयीं ‘वायां गेला’ असें घरच्या मंडळींनीं म्हणूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. घरच्या गाडींत लहानसा सबवूफर बसविण्यासही माझी हरकत नाहीं. दारांतील लहान स्पीकरांना डग्ग्याचा खर्ज झेपत नाहीं. तो भार निराळ्या स्पीकरावर सोंपविला म्हणजे हळू आवाजांतही गाणें भरदार लागतें.

परंतु खर्जाचा स्वभाव मोठा हट्टी आहे. ५० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर, म्हणजे आपल्या एखाद्या वर्गखोलीएवढी. बासरीचा स्वर भिंतीशीं अडतो. हा कोपरे वळसून, दारें-भिंती ओलांडून आंत येतो. पत्र्याचें छप्पर असेल तर तें स्वतःच वाजूं लागतें. आंतल्या आजाऱ्याला गाणें ऐकूं येत नाहीं, केवळ धक्के बसतात.

कायदा याविषयीं मुका नाहीं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें वस्तींत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शाळा, रुग्णालयें व न्यायालयें यांच्या भोंवतालचा १०० मीटरांचा परिसर सरकारनें शांतता-क्षेत्र म्हणून जाहीर केला असेल तर तेथें मर्यादा ५० व ४० आहे. रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई आहे. सणांच्या कांहीं दिवसांपुरती सवलत मिळते ती मध्यरात्रीपर्यंतच. डेसिबल हें माप फसवें आहे, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें: १० नीं वाढ म्हणजे ध्वनीची शक्ति दसपट. शिवाय या नियमांचें मोजमाप मानवी कानाच्या कलाप्रमाणें करतात, व त्यांत ५० हर्ट्झच्या ध्वनीचे सुमारे ३० डेसिबल वजा होतात. तेव्हां मापकाचा आंकडा लहान दिसला म्हणून कांच थरथरणें थांबत नाहीं.

मला अधिक चिंता वाटते ती त्या मुलाच्या कानांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानें ८० डेसिबल आवाज आठवड्यांतून ४० तास सोसतो. १०० डेसिबल मात्र सारीं २० मिनिटें. हा बिचारा एका वरातींत चार-पांच तास त्या पेट्यांपाशीं उभा असतो. “घरीं गेल्यावर कानांत शिट्टी वाजते, पण सकाळपर्यंत थांबते,” असें त्यानें हंसत सांगितलें. मला हंसूं आलें नाहीं. कानाच्या आंतील सूक्ष्म केसांच्या पेशी एकदां मेल्या म्हणजे माणसांत त्या पुन्हां उगवत नाहींत.

“मग आवाज कमी कां करीत नाहींस?” असें मीं विचारलें. “सर, कमी केला तर लोक पैसे कापतात, आणि पुढची सुपारी दुसऱ्याला जाते.” यावर मी निरुत्तर झालों. सुपारी देणारे कोण? आपणच, पालकहो! जळगांवांत काय, धुळ्यांत काय, शेजाऱ्याच्या वरातीहून आपली वरात दोन पेट्यांनीं मोठी असावी, हा हट्ट तरुणांचा कमी व वडीलधाऱ्यांचा अधिक. आपल्या खान्देशांत हळदीला आयाबाया अहिराणी गाणीं म्हणत. आतां त्या मांडवांत बसतात खऱ्या, पण दणदणाटांत एकीचा शब्द दुसरीला कळत नाहीं, म्हणून गप्प बसतात. नाताळांत आपल्या ख्रिस्ती मंडळींनीं लावलेले ध्वनिवर्धकही मीं ऐकले आहेत. तेव्हां बोट दुसऱ्या कोणाकडे दाखविण्याची सोय मला नाहीं.

येत्या मे महिन्यांत अमळनेरास माझ्या पुतणीचें लग्न आहे. त्याच विद्यार्थ्याला मीं सुपारी दिली आहे: सबवूफर एकच, शाळा व दवाखाना येतांच गाणें बंद, रात्रीं नऊनंतर पेट्या झांकावयाच्या, आणि त्यानें कानांत बोळे घालावयाचे. हळदीच्या दिवशीं संध्याकाळीं एक तास यंत्र मुळींच लावावयाचें नाहीं, तो बायकांचा. भाडें मात्र पुरें, एक पैसाही कापावयाचा नाहीं. घरांतील तरुण मंडळी तूर्त माझ्याशीं बोलत नाहींत.