प्रौढांच्या बोटांवरील दया

उतारवयांत पियानो शिकूं पाहणाऱ्या माणसावर शिक्षक आणि आप्त मिळून एक प्रकारची दया करीत असतात. सात वर्षांचें मूल शिकावयास आलें, कीं त्याची बैठक, मनगट, अंगठ्याची चाल यांकडे बारकाईनें पाहिलें जातें. साठीचे गृहस्थ किंवा नातवंडांची आजी आली, कीं दोनचार सोप्या चाली हातीं देऊन 'आतां या वयांत तंत्राचा जाच कशाला?' म्हणून तिची समजूत घातली जाते. ही दया नव्हे, अवहेलना आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

तिच्या मुळाशीं एक समजूत आहे: तंत्र म्हणजे बोटांचें बळ, आणि बळ म्हणजे तारुण्य. वाद्याची रचनाच या समजुतीला खोटें पाडते. सुमारें १७०० सालीं फ्लॉरेन्स येथें बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यानें जी युक्ति काढली, तिचें मर्म असें कीं, पट्टी दाबतांच हातोडी तारेकडे फेंकली जाते व तारेला भिडण्यापूर्वींच पट्टीच्या तावडींतून सुटते. सूर उमटल्यावर पट्टी कितीही रेटा, त्याचा जोर तिळमात्र वाढत नाहीं. आजच्या पियानोची पट्टी सुमारें १० मिलिमीटर खालीं जाते, आणि हळुवार सुरासाठीं ५० ग्रॅमच्या आसपास वजन पुरतें. एवढा भार कोणत्या आजोबांना पेलणार नाहीं?

घरोघरींच्या पेटीवाल्यांना तर हें मुद्दाम सांगितलें पाहिजे. पेटीचा सूर पट्टी धरली असेल तोंवर टिकतो, आणि त्याचा लहानमोठेपणा भात्याच्या हातीं असतो. पियानोंत तो पट्टी किती वेगानें खालीं जाते यावर ठरतो. तेव्हां शिकावयाचें तें बळ नव्हे. वेगावरील ताबा, आणि सूर उमटतांच हात सैल सोडण्याची संवय. ज्याचें शरीर आंखडूं लागलें आहे, त्याला या विद्येची गरज लवचीक मुलापेक्षां अधिक आहे, कमी नाहीं.

प्रतिपक्षी म्हणेल, 'तंत्र देऊन पाहिलें. म्हातारीं बोटें दुखूं लागलीं.' पण दिलें काय? बहुधा आनों या फ्रेंच शिक्षकाचे १८७३ सालचे साठ पाठ, तेही प्रत्येक बोट उंच उचलून, सारीं बोटें सारख्या बळाचीं करण्याच्या हव्यासानें! शोपँचें मत याच्या उलट होतें. बोटें निसर्गतःच असमान आहेत, आणि त्या असमानतेचाच उपयोग करावा, असें तो मानी. म्हणून तो शिष्याला प्रथम मधलीं तीन लांब बोटें काळ्या पट्ट्यांवर आणि अंगठा व करंगळी पांढऱ्यांवर ठेवावयास सांगे. हात आपोआप सुखानें बसे. शिवाय अतिरेक तरुणालाही सोडीत नाहीं. १८१० सालीं जन्मलेल्या रॉबर्ट शूमनला उजव्या हाताच्या व्यंगापायीं वादक होण्याची आशा बाविशीच्या सुमारासच सोडावी लागली. तेथें वार्धक्य कोठें होतें?

वयाचा मुद्दा आम्ही सर्वस्वी नाकारीत नाहीं. फ्रान्स्वा कूपरँ यानें १७१६ सालच्या आपल्या हार्पसिकॉर्ड-वादनाच्या ग्रंथांत आरंभाचें योग्य वय सहा-सात वर्षें सांगितलें आहे. पण उशिरां येणाऱ्यांना त्यानें दार बंद केलें नाहीं. वाजविण्यापूर्वीं बोटें सर्व बाजूंनीं ओढून मोकळीं करून घेण्याचा उपायच त्यांना सांगितला. बेला बार्तोक यानेंही 'मिक्रोकॉस्मोस' या आपल्या १५३ रचनांच्या संग्रहाचे पहिले चार भाग लहान व प्रौढ अशा दोन्ही नवशिक्यांसाठीं लिहिले. थोरांनीं जें दार उघडें ठेवलें, तें गल्लींतल्या शिकवणीनें कां लावावें?

साठीच्या शिष्यानें मैफल गाजवावी, असें कोणी म्हणत नाहीं. एका वेळीं एक हात, संथ लय, थोडा पण नित्याचा अभ्यास, आणि दुखूं लागतांच विश्रांति: एवढेंच मागणें आहे. सोपी चाल अवश्य द्या. ती नीट वाजविण्याची विद्या मात्र राखून ठेवूं नका. हा शिष्य परीक्षेसाठीं येत नाहीं, बक्षिसासाठीं येत नाहीं. केवळ शिकण्यासाठीं येतो. त्याच्याकडून पुरी फी घेऊन त्याला अर्धी विद्या देणें, याला दया म्हणावयाचें असेल, तर लबाडीला निराळा शब्द शोधावा लागेल.