भोंगा नेमका कुणाविरुद्ध?

मोहित्यांचे वडगाव हे आमच्या पलूसशेजारच्या कडेगाव तालुक्यातलं गाव. 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घराघरातले टीव्ही, मोबाईल बंद ठेवायचे असा गावाचा ठराव आहे. आम्ही डी.एल.एड. करणारी पोरं-पोरी सराव पाठाच्या टाचणात कुठलं डिजिटल साहित्य लिहावं यावर बोलायला लागलो, की कुणीतरी हे उदाहरण पुढे करतंच. ‘बघा, मोबाईल बंद झाला तेव्हा पोरं अभ्यासाला बसली. आणि तुम्ही तोच वर्गात आणायला निघालात!’

वडगावच्या ठरावातून हा निष्कर्ष निघत नाही. कोरोनाच्या काळात अभ्यासासाठी म्हणून मुलांच्या हाती आलेला मोबाईल शाळा उघडल्यावरही सुटेना, ही तिथली अडचण होती. गावाने मोबाईल हद्दपार केला नाही, त्याला वेळेचं कुंपण घातलं. महत्त्वाचं म्हणजे त्या दीड तासात थोरांनीही मालिका बंद करायची आहे. एरवी ‘अभ्यास कर’ म्हणून ओरडायचं आणि आपण स्क्रीनमध्ये डोकं घालायचं, ही आपली घरोघरची रीत. गावाने बोट ठेवलं ते तिच्यावर. वर्गात काय वापरावं, याबद्दल तो ठराव काहीच सांगत नाही.

पण वर्गात यंत्र हवंच म्हणणाऱ्या दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही मला पटत नाही. आमच्या भागात तो हमखास किर्लोस्करांच्या नांगरावरून येतो. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पुढे लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी बिचकत होते. 1910 मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर त्यांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि विरोधकांची तोंडं बंद झाली. तेव्हा टॅबला नावं ठेवणारे तुम्हीही त्याच जातकुळीचे, असा टोला. ऐकायला झकास आहे! फक्त, नांगराचा तास किती खोल गेला हे शेतकऱ्याला बांधावरून दिसत होतं. टॅब मुलाच्या डोक्यात किती खोल गेला, हे वर्गाच्या दारातून दिसत नाही. दिसतो तो भिंतीवरचा टीव्ही आणि त्याखालची देणगीदाराच्या नावाची पाटी.

यंत्र पोचलं म्हणजे शिक्षण पोचलं, हा भ्रम जगाने महागात तपासून पाहिला आहे. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग 2007 मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या छोट्या शाळेत झाला. पेरू देशाने तर असे आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. 2012 मध्ये तिथल्या खेड्यांतल्या शाळांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा गणितात किंवा भाषेत फरक सापडला नाही.

मग मी कशाची बाजू घेते? दिल्लीत शाळेनंतरच्या केंद्रांत सहावी ते नववीच्या मुलांवर झालेला एक प्रयोग 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या संगणकाने इयत्ता बाजूला ठेवून मूल खरोखर जिथे अडलं होतं तिथले प्रश्न दिले. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्ही सुधारलं. एकाच वर्गात एक पोरगा अक्षरं जुळवतो, दुसरी धडा घडाघडा वाचते आणि शिक्षक एकटा. ही गाठ सोडवायला यंत्राची मदत होत असेल तर मी ते हौसेने वापरीन.

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा सगळीकडे त्यांनी पाठ्यपुस्तकांत आणलेल्या क्यूआर कोडचा गजर झाला. त्यांनी तीच पुस्तकं मुलांच्या घरच्या कन्नडमध्ये नेली, ही गोष्ट मात्र आपण भराभर ओलांडली. मूल कुठल्या भाषेत अडतंय हे ज्याने ओळखलं, त्याच्या कोडला अर्थ आला. नुसता कोड तर बिस्किटाच्या पुड्यावरही असतो.

आमच्या तालुक्यापुरतं सांगायचं, तर गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोड कुटुंबं येतात आणि फडाजवळ त्यांच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, उभ्या राहतात. त्यातली मुलं इथल्या शाळेत आली तर पाहुणी म्हणून मागे बसतात, आणि परत गेल्यावर तिथल्या वर्गातही मागेच पडतात. माझ्या वर्गात असं मूल आलं, तर आईबापाला विचारून त्याचं दोन मिनिटांचं वाचन मोबाईलवर रेकॉर्ड करीन आणि त्याच्या गावच्या गुरुजींना पाठवून विचारीन, ‘हे तुमच्याकडे कुठवर आलं होतं?’ हंगाम संपताना पुन्हा एक रेकॉर्डिंग पाठवीन, म्हणजे त्यांना पुढचा धागा धरता येईल. याला नवं अ‍ॅप नको, अनुदान नको. दोन्हीकडच्या शिक्षकांकडे एकमेकांचे नंबर हवेत, आणि आज बहुधा तेच नसतात.