पाळी विजेची आणि पंपाची

रोहित्र जळाले की खेड्यातील विजेचा प्रश्न वर्तमानपत्रात येतो. ते का जळाले, याची चर्चा मात्र क्वचितच होते. शेतीपंपांना वीज ठरावीक तासच मिळते. दिवसा वीज देणाऱ्या सौर वाहिन्या जेथे अद्याप पोहोचलेल्या नाहीत, तेथे ती काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री, अशी पाळीने येते. वीज येताच पंप आपोआप चालू करणारा ‘ऑटो स्विच’ शेतकऱ्याने बसविला, तो या पाळीमुळेच.

महावितरण हे स्विच काढून टाकण्याचे आवाहन वारंवार करते, आणि त्यामागील कारण खरे आहे. विजेची मोटर सुरू होण्याच्या क्षणी नेहमीच्या पाच-सहा पट विद्युतप्रवाह खेचते. एका रोहित्रावर पाच अश्वशक्तीचे बारा पंप असतील, तर वीज येताच ते सर्व एकाच क्षणी जागे होतात. रोहित्रावर साऱ्यांचा भार एकदम कोसळतो, दाब घसरतो, फ्यूज उडतात आणि अखेर रोहित्रच जळते. मग ते बदलून येईपर्यंत उभे पीक तहानलेले राहते.

परंतु शेतकऱ्याला आळशी ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. साप-विंचवाच्या आणि काही भागांत बिबट्याच्या भीतीने ज्याला अपरात्री विहिरीवर जाणे नको वाटते, त्याला ‘स्विच काढ’ एवढेच सांगणे म्हणजे अंधाराची जोखीम त्याच्याच माथी मारणे होय. स्विच नको, हे सांगणाऱ्याने त्याऐवजी काय, हेही सांगितले पाहिजे.

त्याचे उत्तर टायमरमध्ये आहे. वीज आल्यावर किती वेळाने पंप चालू व्हावा आणि किती वेळाने बंद व्हावा, या दोन्ही वेळा त्यावर लावता येतात. बारा पंपांत अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे अंतर ठेवले, तर सहा मिनिटांच्या आत सर्व पंप सुरू होतात. आठ तासांच्या पुरवठ्यात सहा मिनिटांचा हिशेब तो काय!

बंद होण्याच्या वेळेचे महत्त्वही कमी नाही. वीज जाईपर्यंत पंप चालतोच, तेव्हा पिकाची गरज भागली तरी पाणी वाहत राहते. अतिपाण्याने जमिनी कशा खारावतात, हे कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्याने पाहिले आहे.

अडचण यंत्राची नसून एकोप्याची आहे. एकट्याने टायमर लावून रोहित्र वाचत नाही; त्यावरील सर्वांनी आपापला क्रम मानला पाहिजे. ही शिस्त महाराष्ट्राला परकी नाही. कालव्याच्या पाण्याची शेजपाळी येथलीच, आणि पांझरा-मोसमच्या काठी फड पद्धतीत पाटकऱ्याने पाणी वाटून देण्याची रीतही येथलीच. पाण्याला जी पाळी लागू पडली, ती विजेला का लागू पडू नये?

मात्र पाळी दोन्ही बाजूंनी पाळली गेली पाहिजे. महावितरणने वीज जाहीर केलेल्या वेळी द्यावी आणि रोहित्रागणिक टायमर बसविण्यास साहाय्य करावे. शेतकऱ्यांनी क्रम ठरवून तो मोडू नये. रात्रीचा पुरवठा हटविणे हाच खरा उपाय, यात शंका नाही. तो पूर्ण होईपर्यंत निदान रोहित्रे तरी जळू नयेत, एवढे उभयतांच्या हाती निश्चितच आहे.