ज्याला धरलें तो चोरच काय?

पोलिसांची गाडी एखाद्याच्या दारीं उभी राहिली, कीं दिवस मावळायच्या आंत त्या घराचा निकाल लागतो. न्यायाधीशानें कागद पाहिलेला नसतो, साक्षीदार बोललेला नसतो. पण पारावर शिक्षा होऊन जाते. सुताराचें काम तुटतें, मुलीची सोयरीक मोडते. आणि हीच मंडळी आम्हां मास्तरांस विचारतात, “चोराला कसले आले हक्क?” त्यांस माझा उलट सवाल आहे : तो चोर आहे हें तुम्हांस कोणी सांगितलें?

बंधूंनो, हा हक्क चोराचा नव्हे. ज्यावर आळ आला त्याचा आहे. आणि आळ आधीं कोणावर येतो? ज्याच्या मागें वकील नाहीं, पुढारी नाहीं, त्याच्यावर. इंग्रज सरकारनें १८७१ सालीं कायदा करून जातीच्या जाती जन्मतःच गुन्हेगार ठरविण्यास आरंभ केला. पुढें आमच्या सोलापुरास पारधी, कैकाडी तारेच्या कुंपणांत डांबले गेले. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. पण गांवांत चोरी झाली कीं पावलें अजून पारध्याच्या पालाकडेच वळतात!

आतां कायदा काय म्हणतो तें ऐका. राज्यघटनेचें २२ वें कलम सांगतें, कीं धरलेल्या माणसास कां धरलें तें सांगितलेंच पाहिजे, त्याच्या पसंतीच्या वकिलास भेटूं दिलें पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आंत मॅजिस्ट्रेटपुढें उभें केलें पाहिजे. “उद्यां रविवार आहे” ही सबब चालत नाहीं. (प्रतिबंधक स्थानबद्धतेस यांतून सूट आहे, ती कां ठेविली याचा जबाब मोठ्यांनीं द्यावा.) सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं डी. के. बसू खटल्यांत आणखी सांगितलें, कीं अटकेचें टिपण करून त्यावर घरच्या किंवा गांवच्या माणसाची साक्ष घ्यावी व नातेवाइकांस कळवावें. पण तें टिपण मागावयास जातो कोण? आपलेंही नांव लागेल या भीतीनें भाऊबंद दार लावून बसतात.

मारून घेतलेल्या कबुलीची तर गोष्टच बोलूं नका. पोलिसापुढची कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करतां येत नाहीं, असें साहेबानेंच १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत लिहिलें. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू झाला, त्यांतही तें कायम आहे. लाठी पडली कीं माणूस न केलेला खूनही कबूल करतो, हें साहेबास ठाऊक होतें. आम्हांस अजून नाहीं! मात्र त्या बोलण्यावरून एखादी वस्तू सांपडली, तर तेवढा भाग पुराव्यांत येतो.

कोणी म्हणेल, अशानें गुन्हेगार सुटतील. अहो, भलत्यास बडवून कबूल करविलें, कीं खरा चोर त्याच दिवशीं सुटला! ज्याचे बैल गेले त्याच्या हातीं काय आलें?

वकिलास पैसा नाहीं म्हणून रडूं नका. १९८७ च्या कायद्यानें कोठडींतल्या माणसास, त्याची मिळकत कितीही असो, सरकारखर्चानें वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टांत विधि सेवा समितीकडे अर्ज करावा. हें ठाऊक नसल्यानें जमीन गहाण टाकून दलालाचें घर भरणारे लोक मीं पाहिले आहेत.

आणि मायबहिणींनो, तुम्ही एवढें पाठ करा : सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी बाईस अटक करावयाची, तर प्रसंग अपवादाचा असावा लागतो, आणि स्त्री पोलिस अधिकाऱ्यानें लेखी कारण देऊन मॅजिस्ट्रेटची परवानगी आधीं आणावी लागते. रात्रीं दार वाजलें, तर पहिल्यानें तो कागद मागा.